प्रतिसृष्टीचें दायित्व

विश्वामित्रानें प्रतिसृष्टि निर्माण केली ही कथा आपल्याकडे लहान मुलांसही ठाऊक असते. सदेह स्वर्गास जाण्याची त्रिशंकूची इच्छा देवांनीं मोडून काढिली, तेव्हां त्या तापट ऋषीनें नवे तारे आणि नवीं नक्षत्रें रचण्यास आरंभ केला. देव भ्याले, तडजोड झाली. आणि ज्याच्यासाठीं हा सर्व खटाटोप झाला तो त्रिशंकु मात्र डोकें खालीं आणि पाय वर अशा स्थितींत आकाशांत लटकत राहिला. ही कथा ऐकतांना आपण विश्वामित्राच्या सामर्थ्याचें कौतुक करितों आणि देवांच्या भीतीस हंसतों. परंतु त्या नव्या सृष्टींत अशा रीतीनें राहण्यास तो राजा तयार होता काय, हें त्यास कोणीं विचारिलें होतें काय, असा प्रश्न आम्हीं तरी कोणा कीर्तनकाराच्या तोंडून ऐकिलेला नाहीं.

आज प्रतिसृष्टि उभारण्यास तप करावें लागत नाहीं. टेबलावरचा एक संगणक आणि त्यांत घालण्याचें एक सॉफ्टवेअर, एवढें साहित्य पुरतें. कारखाना बांधण्यापूर्वीं त्या कारखान्याची, पूल बांधण्यापूर्वीं त्यावरील वाहतुकीची, रुग्णालय उघडण्यापूर्वीं तेथील खाटांची आणि रोग्यांची एक छायासृष्टि संगणकांत चालवून पाहतात. तिलाच सिम्युलेशन म्हणतात. या विद्येचे उपकार नाकारण्याचा आमचा हेतु नाहीं. खऱ्या जगांत चूक केली तर पैसा बुडतो, प्रसंगीं माणसें मरतात. छायेच्या जगांत तीच चूक शंभर वेळां करावी, आणि शहाणें होऊन खऱ्या जगांत एकदांच काय तें पाऊल टाकावें, ही सोय लहान नव्हे. परंतु या सोयीच्या पोटांत नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचाच विचार आम्ही येथें करणार आहों. तो प्रश्न असा: जें साधन कोणत्याही एका कामासाठीं केलेलें नसून सर्व कामांसाठीं केलेलें आहे, त्याच्या उपयोगानें कोणाचें वाईट झालें तर त्याचें दायित्व तें साधन घडविणाराकडे कितपत जातें?

प्रथम हें साधन काय आहे तें पाहूं. रेल्वेच्या तिकिटाची एक खिडकी घ्या. दर तासास सरासरीनें किती उतारू येतात आणि एक तिकीट देण्यास किती वेळ लागतो, एवढें ठाऊक असलें म्हणजे संगणकांत एक खोटी खिडकी उघडतां येते. पुढचा उतारू केव्हां येईल हें फांसे टाकावे तशा अनियमित अंकांनीं ठरवावयाचें. खिडकी रिकामी असेल तर त्यास पुढें घ्यावयाचें, नसेल तर रांगेंत उभें करावयाचें. पुढें घडावयाच्या गोष्टींची एक यादी संगणक कालक्रमानें ठेवितो. यादींतील पहिली गोष्ट घडली कीं तो घड्याळाचा कांटा एकदम दुसऱ्या गोष्टीवर नेऊन ठेवितो. मधल्या रिकाम्या काळाशीं त्यास कांहीं कर्तव्य नसतें. अशा रीतीनें अख्खा दिवस डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच सरतो. असे हजार दिवस सरले म्हणजे रांग सरासरीनें किती लांबते, आणि दुसरी खिडकी उघडल्यास ती किती आंखूड होते, हें पुष्कळशा खात्रीनें सांगतां येतें.

फांसे टाकून गणित सोडविण्याची ही युक्ति संगणकावर आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, अमेरिकेंत. स्टॅनिस्लाव उलाम हा गणिती १९४६ सालीं आजारांतून उठत असतां पत्त्यांचा एकट्यानें खेळावयाचा डाव मांडून बसे. डाव सुटण्याचा संभव किती, हें सूत्रानें काढण्यापेक्षां पुष्कळ डाव खेळून सुटलेले मोजणें सोपें, हें त्याच्या ध्यानांत आलें. जॉन फॉन नॉयमन यानें ती कल्पना उचलून धरिली, आणि अण्वस्त्रांच्या कामांत न्यूट्रॉन कणांच्या प्रवासाचा हिशेब १९४८ सालीं एनिआक नांवाच्या संगणकावर करण्यांत आला. या रीतीस जुगाराबद्दल प्रसिद्ध असलेल्या गांवाचें, माँटे कार्लोचें, नांव मिळालें. त्या काळीं प्रत्येक प्रश्नासाठीं प्रोग्राम मुळापासून लिहावा लागे. पुढें १९६० च्या सुमारास कांहीं चतुर लोकांस दिसून आलें कीं, बँक असो, बंदर असो वा कारखाना असो, त्या सर्वांच्या सिम्युलेशनांत घड्याळ तेंच, यादी तीच, रांग तीच आणि फांसेही तेच. बदलतात तीं नांवें आणि आंकडे. मग हा समान भाग एकदांच नीट करून ठेवावा, आणि ज्यानें त्यानें आपापला तपशील त्यांत भरावा, हें ओघानेंच आलें. इंग्लंडांत पोलादाच्या धंद्यांत काम करणारा कीथ टोचर, अमेरिकेंत आयबीएम कंपनीचा जेफ्री गॉर्डन, आणि नॉर्वेंत ओले-योहान डाल व क्रिस्टेन न्यूगार्ड यांनीं अशा सर्वोपयोगी चौकटी त्या काळांत उभारल्या. आज अशा चौकटी पुष्कळ झाल्या आहेत. कित्येक फुकट मिळतात, आणि महाविद्यालयांतील मुलगाही एका दुपारीं आपली लहानशी सृष्टि उभी करूं शकतो.

अशी चौकट घडविणारास आमचा प्रश्न विचारला तर तो बहुधा म्हणेल, "माझी चौकट कोणत्याही पक्षाची नाहीं. ती रोग्यांची रांग मोजील तशी रणगाड्यांचीही मोजील. सुरीनें भाजी चिरावी कीं गळा, हें लोहारास काय विचारतां?" हें उत्तर वरवर बिनतोड दिसतें. कर्माच्या बाह्य परिणामापेक्षां कर्त्याची बुद्धि पाहावी, असें लोकमान्य टिळकांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त विस्तारानें प्रतिपादिलें आहे. ही कसोटी लाविली असतां लोहार निर्दोष ठरेल असें कोणासही वाटेल. कारण कोणाचें अहित करावें असें त्याच्या मनांत नव्हतें. परंतु ही कसोटी दिसते तितकी सौम्य नाहीं. बुद्धि शुद्ध असणें म्हणजे अजाण असणें नव्हे. आपल्या कर्माचा परिणाम एकदां डोळ्यांस दिसल्यानंतर 'माझ्या मनांत तसें नव्हतें' एवढ्यानें भागत नाहीं. पहिल्या दिवशीं तें प्रामाणिक उत्तर असतें. दुसऱ्या दिवशीं ती सबब होते.

शिवाय सुरीचा दृष्टांत येथें नीट लागूही पडत नाहीं. सुरी भाजी चिरते, पण भाजी म्हणजे काय हें ती आपणांस शिकवीत नाहीं. सर्वोपयोगी चौकट ही सुरीपेक्षां व्याकरणासारखी अधिक आहे. अमुकच वाक्य बोला असें व्याकरण सांगत नाहीं. परंतु करणारा कोण आणि ज्यावर करणें घडतें तो कोण, हें ठरविल्यावांचून तें आपणांस वाक्य पुरें करूं देत नाहीं. गॉर्डनच्या चौकटीचेंच उदाहरण घ्या. ती शिकवितांना न्हाव्याच्या दुकानाचा नमुना देण्याची जुनी चाल आहे. त्यांत गिऱ्हाईक 'उत्पन्न' होतें, रांगेंत उभें राहतें, न्हाव्यास 'ताब्यांत घेतें', ठरलेला वेळ घालवितें, मग न्हाव्यास 'सोडून देतें' आणि नाहींसें होतें. त्या भाषेंत न्हावी ही एक 'सोय' आहे. कारखान्यांतील लेथ ही जशी सोय, तसाच तोही. उभें राहून त्याचे पाय दुखतात काय, दुपारीं त्यास भूक लागते काय, जुन्या गिऱ्हाइकाशीं चार शब्द बोलण्यांत दोघांसही कांहीं सुख आहे काय, हे प्रश्न त्या चौकटींत विचारतांच येत नाहींत असें नाहीं. पण ते विचारण्यास वेगळे कष्ट पडतात, आणि न विचारण्यास कांहींच पडत नाहींत. जें सोपें असतें तें पुष्कळ लोक करितात. आणि पुष्कळ लोक जें करितात तेंच पुढें जगाचें खरें रूप म्हणून मानलें जातें.

यावर कोणी म्हणेल कीं, गाळल्यावांचून कोणतेंच ज्ञान संभवत नाहीं. गांवाच्या नकाशांत प्रत्येक झाड दाखविलें तर तो नकाशा राहणार नाहीं, गांवच होईल. हें आम्हांस पूर्ण मान्य आहे. गाळणें हा दोष नव्हे. गाळल्याचा विसर पडणें हा दोष. आणि त्याहूनही मोठा दोष म्हणजे काय गाळावें हें दर खेपेस एकाच पक्षाच्या सोयीनें ठरणें. न्हाव्याच्या दुकानाचें सिम्युलेशन करण्यास पैसा बहुधा न्हावी देत नाहीं. दुकानाचा मालक देतो. मालकास रांगेची लांबी हवी असते, म्हणून रांग दिसते. न्हाव्याचे पाय कोणींच मागितलेले नसतात, म्हणून ते दिसत नाहींत. येथें कोणीं खोटें सांगितलें असें नाहीं. निघालेला आंकडा खराच असतो. पण तो अर्ध्या प्रश्नाचें उत्तर असून पुऱ्या प्रश्नाचें म्हणून वाचला जातो, आणि यंत्रांतून आला म्हणून निःपक्षपाती समजला जातो.

हा विचार आम्हीं आरामखुर्चींत बसून रचिला आहे असें वाचकांनीं समजूं नये. ज्यांनीं अशी चौकट घडविली त्यांपैकीं एकाच्या आयुष्यांत तो प्रत्यक्ष उभा राहिला. क्रिस्टेन न्यूगार्ड याचा जन्म १९२६ चा. १९४८ पासून तो नॉर्वेच्या संरक्षण-संशोधन संस्थेंत होता, आणि तेथें अणुभट्टीसंबंधींच्या हिशेबांत त्यानें माँटे कार्लोची रीत वापरिली होती. १९६० सालीं तो ऑस्लो येथील नॉर्वेजियन काँप्युटिंग सेंटर या संस्थेंत आला, आणि डाल याच्या साहाय्यानें त्यानें सिम्युला ही भाषा रचिली. तिच्या रचनेचा इतिहास आमच्या विषयास फार उपयोगाचा आहे. आरंभीं त्या दोघांची कल्पना अशी होती कीं, जग म्हणजे ठाण्यांचें एक जाळें. त्यांत ठाणीं तेवढीं कर्तीं, आणि गिऱ्हाइकें निष्क्रिय, एका ठाण्याकडून दुसऱ्याकडे जाणारीं. १९६४ च्या आरंभीं त्यांनीं हा भेद टाकून दिला. गिऱ्हाईकही कर्तें असूं शकतें आणि ठाणेंही वाट पाहत बसूं शकतें. तेव्हां दोघांसही स्वतःचा जीवनक्रम असलेल्या 'प्रक्रिया' मानावें, असें त्यांनीं ठरविलें. पुढें पुलाच्या टोलनाक्यावरील रांगेंत ट्रक, बस अशीं निरनिराळीं वाहनें कशीं मांडावीं याचा विचार करितां करितां, एका सामान्य जातीच्या पोटजाती करण्याची युक्ति त्यांना सुचली. 'क्लास' आणि 'ऑब्जेक्ट' या ज्या कल्पनांवर आज जगांतील पुष्कळसें सॉफ्टवेअर उभें आहे, त्या १९६७ च्या सिम्युलांत प्रथम नांदूं लागल्या. त्यांबद्दल २००१ सालचें टुरिंग पारितोषिक दोघांस मिळालें. आणि दोघेही २००२ सालीं थोड्या आठवड्यांच्या अंतरानें निवर्तले.

परंतु पारितोषिकाच्या कितीतरी आधीं न्यूगार्डच्या मनास एक टोंचणी लागली होती. पहिली सिम्युला १९६५ च्या आरंभास चालूं लागली, आणि तिच्या साहाय्यानें कामाची आंखणी होऊं लागली. त्यांतून पुढें काय येणार हें त्यास दिसूं लागलें: काम अधिक ठराविक होणार, कामगाराच्या अंगच्या ज्ञानास मागणी कमी होणार, आणि त्याच्यावरचा ताण वाढणार. आंखणीचे निकाल व्यवस्थापकाच्या मेजावर जात. ज्या माणसांविषयीं ते निकाल असत त्यांच्यापर्यंत ते पोंचत ते हुकुमाच्या रूपानें. ज्या भाषेनें टोलनाक्यावरच्या ट्रकालाही कर्तेपण दिलें, त्याच भाषेंत मांडलेल्या कारखान्यांत हाडामांसाचा कामगार मात्र पुन्हां निष्क्रिय गिऱ्हाईक होऊं पाहत होता. भाषेनें दार उघडें ठेविलें होतें, ही गोष्ट खरी. पण त्या दारांतून कोणीं आंत यावें हें भाषा ठरवीत नाहीं. तें ज्याच्या हातीं संगणक आणि तो चालविणारीं माणसें असतात, तो ठरवितो.

आतां अशा प्रसंगीं सज्जनापुढें कोणते मार्ग असतात? एक मार्ग हात झटकण्याचा: 'मी भाषा केली, कारखाना केला नाहीं.' दुसरा मार्ग संन्यासाचा: साधन पापाचें निघालें म्हणून तें टाकून द्यावें आणि पुन्हां त्यास शिवूं नये. पहिला मार्ग भ्याडाचा आहे हें सांगण्याची गरज नाहीं. परंतु दुसराही वाटतो तितका शुद्ध नाहीं, असें आमचें मत आहे. घडविणारानें साधन टाकलें म्हणून साधन नाहींसें होत नाहीं. तें दुसऱ्याच्या हातीं राहतें, आणि त्यास नीट ओळखणारा एक मनुष्य मात्र कमी होतो. शिवाय सिम्युलेशन नसेल तेथें न्याय नांदतो असेंही नाहीं. तेथें मालकाचा अंदाज, मुकादमाची लहर आणि 'आजवर असेंच चालत आलें' ही सबब, यांचें राज्य असतें. छायासृष्टि निदान आपलीं गृहीतें कागदावर मांडते. लहर कांहींच मांडीत नाहीं.

न्यूगार्डनें तिसरा मार्ग धरिला. तो नॉर्वेच्या लोह व धातु कामगारांच्या संघाकडे गेला. १९७१ च्या सुमारास संघ आणि काँप्युटिंग सेंटर यांचें संयुक्त काम सुरू झालें, आणि तें १९७३ पर्यंत चाललें. पंडितांनीं कारखान्यांत जावें, चौकशी करावी आणि कामगारांच्या हिताचा एक जाडजूड अहवाल लिहावा, असा बेत आरंभीं होता. थोड्याच काळांत त्याचा फोलपणा ध्यानांत आला; कारण तेथेंही कामगार हा पुन्हां दुसऱ्याच्या लेखणीचा विषयच होत होता. तेव्हां त्यांनीं 'फळ' या शब्दाची व्याख्याच बदलली. या कामाचें फळ म्हणजे अहवाल नव्हे; संघानें किंवा त्याच्या स्थानिक शाखांनीं या कामामुळें जी कृति केली, ती फळ. कामगारांसाठीं पाठ्यपुस्तकें लिहिलीं गेलीं. संगणक कारखान्यांत काय करतो, आंखणीचे आंकडे कोठून येतात, कोणता प्रश्न विचारला असतां व्यवस्थापकास उत्तर द्यावेंच लागेल, हें त्यांना शिकविण्यांत आलें. पुढें मालकांशीं करार झाले: नवी यंत्रणा येण्यापूर्वीं कामगारांस तिची माहिती मिळाली पाहिजे, आणि ती त्यांस समजेल अशा भाषेंत मिळाली पाहिजे. असा देशव्यापी करार १९७५ सालीं झाला, आणि १९७७ च्या कामगारविषयक कायद्यांत माहितीच्या व शिक्षणाच्या हक्कास जागा मिळाली.

या गोष्टीचा आम्हांस जो अर्थ दिसतो तो असा. न्यूगार्डनें आपली भाषा सुधारून तिच्यांत 'दया' नांवाची एखादी आज्ञा घातली नाहीं. तशी आज्ञा घालतां येत नाहीं, आणि घातली तर ती ढोंग ठरेल. त्यानें दुसरेंच केलें. छायासृष्टींत जो पदार्थ होऊन पडला होता त्यास खऱ्या सृष्टींत प्रश्न विचारणारा केला. सर्वोपयोगी साधनाच्या कर्त्याचें दायित्व नेमकें येथें आहे. साधनाचा प्रत्येक उपयोग त्यास आधीं कळणें शक्य नाहीं, म्हणून प्रत्येक उपयोगाचें पाप त्याच्या माथीं मारणें अन्याय होईल. परंतु साधन कसें चालतें हें त्याच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक नसतें. ज्याच्यावर तें चालविलें जातें त्यास हें ज्ञान देणें त्याच्या हातीं असतें. आणि जें हातीं असून केलें नाहीं, त्याचा जाब त्यास द्यावा लागेल.

आमचे एक स्नेही कारखान्यांच्या नियोजनाचें काम करितात. त्यांच्यापुढें हा विचार मांडला असतां ते म्हणाले, "सत्य काय बहुमतानें ठरतें? रांगेचें गणित संघाच्या सभेंत ठराव करून बदलत नाहीं." आक्षेप मोठा मार्मिक आहे, आणि त्याचा अर्धा भाग खरा आहे. काम येण्याचा वेग आणि काम उरकण्याचा वेग ठरला म्हणजे रांग किती लांबेल हें कोणाच्या इच्छेवर अवलंबून नाहीं. परंतु रांग आंखूड करावी, कीं रांग थोडी लांबली तरी चालेल पण काम करणारास तासाला दहा मिनिटें बसूं द्यावें, हें गणित सांगत नाहीं. काय कमी करावयाचें आणि कशाच्या मोबदल्यांत, हा गणिताच्या आधींचा प्रश्न आहे. तो नीतीचा आहे आणि त्यांत ज्याचें अंग झिजतें त्याचा शब्द असलाच पाहिजे. दुसरें असें कीं, सत्याच्याच दृष्टीनें पाहिलें तरी कामगारास वगळणें तोट्याचें आहे. अमुक यंत्र पावसाळ्यांत अडतें, अमुक सांचा बदलण्यास कागदावरच्या वेळेच्या दुप्पट वेळ लागतो, हें त्याला ठाऊक असतें. हिशेबाच्या वहींत तें नसतें. आमच्या स्नेह्यांनीं हें ऐकून घेतलें, थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले कीं त्यांच्या स्वतःच्या नमुन्यांत माणूस आणि यंत्र यांस एकाच प्रकारचा चौकोन आहे; दोन्ही वेगळे करावे असें त्यांना आजवर सुचलेंच नव्हतें. दुष्टाव्यानें झालेलें तें नव्हतें. हाताशीं तो चौकोन तयार होता, इतकेंच.

असें असलें तरी न्यूगार्डचा मार्ग सर्वत्र मोकळा आहे असें म्हणणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. नॉर्वे हा लहान देश, तेथील कामगारसंघ बळकट, आणि मालक-कामगारांनीं एकत्र बसून करार करण्याची तेथें जुनी वहिवाट. जेथें संघच नाहीं तेथें विचारावें कोणास? आणि कांहीं छायासृष्टि अशा असतात कीं त्यांत सबंध राष्ट्र येतें. मार्च २०२० मध्यें कोविडची सांथ पसरत असतां लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील संशोधकांनीं एक सिम्युलेशन प्रसिद्ध केलें. कांहींच उपाय न केल्यास ग्रेट ब्रिटनमध्यें सुमारें ५,१०,००० मृत्यु होतील, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि त्याचा परिणाम राज्यकर्त्यांच्या निर्णयावर झाला. त्यामागील प्रोग्राम मुळांत इन्फ्लुएंझाच्या सांथीसाठीं वर्षानुवर्षें वाढत आलेला होता; नीटनेटका केल्यावर तो कांहीं आठवड्यांनीं सर्वांस पाहण्यास खुला झाला, आणि मग त्याच्यावर वादंग माजलें. तो निष्कर्ष योग्य कीं अयोग्य, हा येथें प्रश्न नाहीं. प्रश्न हा कीं, लाखों माणसें ज्यांत बिंदु झालीं त्या सृष्टींत प्रत्येकास विचारून येणें शक्य नव्हतें. अशा वेळीं विचारण्याच्या जागीं उघडेपणा येतो. ज्यास विचारतां येत नाहीं त्यास निदान पाहतां आलें पाहिजे. आणि त्यास स्वतः पाहतां येत नसेल तर त्याच्या वतीनें पाहणारा कोणी तरी, मालकाचा मिंधा नसलेला, असला पाहिजे. तो उघडेपणा निर्णयाच्या आधीं आला तर त्याचा उपयोग अधिक, हें सांगावयास नकोच.

आणि आपल्या दाराशीं काय आहे? पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर पाठीवर मोठी पिशवी घेऊन दुचाकीवरून घरोघर जिन्नस पोंचविणारा तरुण आपण रोज पाहतों. कोणत्या रस्त्यानें जावें आणि किती मिनिटांत पोंचावें, याचा अंदाज त्याच्या हातांतील मोबाइल त्यास सांगतो. तो अंदाज ज्या हिशेबांतून निघाला त्यांत जिना चढण्याचा वेळ धरिला आहे काय, पावसानें तुंबलेला रस्ता धरिला आहे काय, हें त्यास ठाऊक नसतें, आणि विचारावें कोणास हेंही ठाऊक नसतें. येथें न्यूगार्ड नाहीं आणि संघही दुबळा. जिन्नस उशिरां आला म्हणून आपण मात्र दारांत उभें राहून त्या तरुणावर रागावतों. हिशेब करणारावर आपण रागावत नाहीं, कारण हिशेबास चेहरा नसतो. येथें घडविणाराचें दायित्व संपून आपलें, म्हणजे हिशेबाचें फळ खाणाराचें, सुरू होतें. आणि तें आपण फारसें मनावर घेत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

सारांश, आमच्या मतें सर्वोपयोगी साधन कोणाचेंच नसतें म्हणून त्याचें दायित्वही कोणाचेंच नसतें, हा समज टाकून दिला पाहिजे. तें सर्वांचें असतें म्हणून दायित्वही वांटून येतें. घडविणारानें आपली चौकट उघडी ठेवावी आणि तिच्यांत काय सहज सांगतां येतें व काय सहज सुटून जातें, हें आपण होऊन सांगावें. वापरणारानें निकालाबरोबर गाळलेल्या गोष्टींचीही यादी द्यावी. आणि ज्याचें आयुष्य त्या सृष्टींत चौकोन किंवा बिंदु होऊन पडलें आहे, त्यास 'मला येथें कोणीं आणि कां ठेविलें?' असें विचारण्याचा हक्क असावा, व त्यास समजेल अशा भाषेंत उत्तर मिळावें. यांतील पहिलीं दोन कर्तव्यें सद्बुद्धीनें पार पडूं शकतील. तिसरें मात्र सद्बुद्धीवर सोंपवून भागणार नाहीं. त्यास संघटना लागते, करार लागतो, कायदा लागतो. ऑस्लोच्या त्या गणित्यानें हें ओळखलें, आणि म्हणूनच तो कामगारांच्या दारीं गेला.

विश्वामित्राच्या अंगीं सृष्टि रचण्याचें सामर्थ्य होतें, आणि त्याचा हेतूही परोपकाराचा होता. तरी त्रिशंकु उलटाच राहिला. नव्या सृष्टि रचणारांचें सामर्थ्य आतां विश्वामित्रासही हेवा वाटावा इतकें वाढलें आहे; परंतु त्यांच्या कामाची पारख त्यांनीं किती नक्षत्रें निर्माण केलीं यावरून आम्ही करणार नाहीं. मध्येंच लटकलेल्या मनुष्यास त्यांनीं मान वर करून बोलण्याची संधि दिली कीं नाहीं, एवढेंच आम्ही पाहूं.